आत्मकथन, इतिहास आणि जात : मराठी स्त्रियांच्या पुस्तकांवरचा पन्नास वर्षांचा वाद

१९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी एक विसरलेले पुस्तक पुन्हा छापले. मूळ पुस्तक १८८२चे. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती निघाल्या होत्या, किंमत नऊ आणे. लेखिका बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आणि पुस्तकाचे नाव ‘स्त्री-पुरुष तुलना’. निमित्त होते सुरतेच्या एका खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपले मूल मारल्याबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली, पण त्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर जी झोड उठली तिला ताराबाईंनी सडेतोड उत्तर दिले. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा सवाल. जोतीराव फुल्यांनी १८८५मध्ये ‘सत्सार’च्या अंकात त्यांची बाजू घेतली. पुढे मात्र हे पुस्तक जवळजवळ नाहीसेच झाले.

पुनर्मुद्रण झाले ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. मुंबई-पुण्यात स्त्रियांच्या नव्या संघटना उभ्या राहत होत्या. या संघटनांतल्या तरुण कार्यकर्त्यांना ताराबाईंच्या पुस्तकात आपली पूर्वज भेटली. तेव्हापासून एक प्रश्न मराठीत सतत चर्चेत आहे. बायकांनी आपल्या जगण्याविषयी लिहिलेली पुस्तके वाचायची कशी? साहित्य म्हणून, इतिहासाचा पुरावा म्हणून, की चळवळीचा ऐवज म्हणून? आणि त्यांच्या आधारे जो ‘स्त्रियांचा इतिहास’ लिहिला जातो, तो नेमका कोणत्या स्त्रियांचा? पन्नास वर्षांत या प्रश्नांची उत्तरे बरीच बदलली आहेत.

आठवणी कोणाच्या?

मराठीत स्त्रीने स्वतःविषयी लिहिण्याची परंपरा छापखान्याहून जुनी आहे. सतराव्या शतकातल्या बहिणाबाई शिऊरकरांनी आपले चरित्र अभंगांतून सांगितले. तुकोबांना गुरू मानल्याबद्दल नवऱ्याने केलेली मारहाणही त्यात आहे. छापील लेखनात १८५५चा मुक्ता साळवे यांचा निबंध पायाचा मानला जातो. फुले दांपत्याच्या शाळेतली ही मांग समाजातली मुलगी; महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला. पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ ताराबाईंच्याच वर्षी, १८८२ साली आले.

त्यानंतर जी आत्मचरित्रे आली त्यांतली बरीच नवऱ्याच्या आठवणी म्हणून लिहिली गेली. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) पती न्यायमूर्ती रानडे यांच्या मृत्यूपाशी थांबते. त्यानंतर रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनाचे केवढे काम उभे केले, त्याला या पुस्तकात जागा नाही. हे पाहून कोणी म्हणतात, की ही पुस्तके पतीच्या सावलीतलीच. इतरांचे म्हणणे असे, की सावली आहेच, पण तिच्या कडेने जे दिसते ते दुसरीकडे कुठेच दिसत नाही. रमाबाई इंग्रजी शिकू लागल्या तेव्हा घरातल्या बायकांनी त्यांना जे ऐकवले, सुधारकाच्या बायकोला माजघरात जी किंमत द्यावी लागली, ती न्यायमूर्तींच्या चरित्रकारांच्या लेखणीत आलेली नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तरी दुसऱ्या वाचनातून हाती जास्त लागते, हे मान्य करावे लागेल.

या काळातली दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ची, आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४चे. दोघी सख्ख्या बहिणी, दोघींना लहान वयात वैधव्य आले. आनंदीबाई, म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. पार्वतीबाईंनी पुनर्विवाह केला नाही. त्यांनी कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली, थेट अमेरिकेपर्यंत गेल्या, आणि केशवपन व विधवेचा वेश टाकला तो बऱ्याच उशिरा, स्वतःचा विचार पक्का झाल्यावर. एका घरातल्या दोन विधवा, एकच सुधारक जवळचा, आणि जगण्याची उत्तरे दोन. ‘विधवाविवाहाची चळवळ’ या एका शीर्षकाखाली त्या दोघी बसत नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागांनी आली. ती या काळातली सर्वांत जास्त वाचली गेलेली आणि बहुधा सर्वांत कमी समजून घेतलेली. विनोद आणि साधेपणा यांसाठी तिचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या झाले, पाठ्यपुस्तकांत उतारे आले. पण बाजारातून आलेली वस्तू न् वस्तू धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या सोवळ्यापासून १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाल्यावरचे वेगळे राहणे आणि पुढे स्वतःच्याच मनातली जातपात हळूहळू गळून पडणे, हा प्रवास जातीच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचला जायला अर्धशतक जावे लागले.

हरवलेल्यांचा शोध

पंचाहत्तरच्या आसपास सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यावर काम होते ते शोधाचे. १९७४ साली ‘समानतेच्या दिशेने’ हा राष्ट्रीय समितीचा अहवाल आला. त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाईंच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे केंद्र सुरू झाले, १९८७मध्ये पुणे विद्यापीठातही. सुझी थरू आणि के. ललिता यांनी संपादित केलेल्या भारतीय स्त्री-लेखनाच्या दोन खंडांनी (१९९१ आणि १९९३) मराठीतल्या कितीतरी लेखिका देशापुढे नेल्या. ताराबाईंचे पुस्तक रोझलिंड ओहॅनलन यांनी १९९४मध्ये इंग्रजीत आणले. मीरा कोसंबींनी पंडिता रमाबाई, काशीबाई कानिटकर, आनंदीबाई जोशी यांचे लेखन बाहेर काढण्यात उभी हयात घालवली.

या अभ्यासकांची मांडणी साधारण अशी : एकोणिसाव्या शतकाचा इतिहास सुधारकांचा म्हणून लिहिला गेला आणि त्यात स्त्री ही सुधारणेचा विषय झाली; पण तिचे स्वतःचे लेखन वाचले, तर ती विचार करणारी, सुधारकांशीही वाद घालणारी व्यक्ती म्हणून पुढे येते.

आनंदीबाई जोशींचे उदाहरण यासाठी बोलके आहे. १८८६ साली त्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात वारल्या, वय बावीसही पुरे नव्हते. कॅरोलाइन डॉल यांनी पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्यांचे चरित्र छापले, मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. पण सर्वसामान्य मराठी वाचकाला त्या भेटल्या १९६८च्या श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीतून, पुढे त्यावरच्या नाटकातून, आणि नव्या पिढीला २०१९च्या चित्रपटातून. कादंबरीने आनंदीबाईंना घराघरांत नेले हे तिचे मोठेच श्रेय. मात्र कादंबरीतले प्रसंग आणि घडलेले प्रसंग यांची सरमिसळही तेव्हाच रूढ झाली. अंजली कीर्तने यांनी १९९७च्या ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’मध्ये कागदपत्रे धुंडाळून ती सोडवण्याचा प्रयत्न केला. कोसंबींचा भर आनंदीबाईंच्या पत्रांवर राहिला. नवऱ्याच्या हातचा मार आठवणारी आणि त्याच नवऱ्याचे ऋणही मानणारी ती पत्रे आहेत. बायकोला शिकवण्यासाठी जिवाचे रान करणारा आणि तिच्यावर हात उगारणारा माणूस एकच होता, हे पचवणे वाचकाला जड जाते, आणि म्हणूनच ते वाचायला हवे.

या प्रवाहाला आतूनच एक जोड मिळाली ती उमा चक्रवर्ती यांच्या पंडिता रमाबाईंवरच्या पुस्तकाने (१९९८). विधवेचे केशवपन, बालविवाह, बाईच्या शरीरावरचा पहारा यांचा संबंध त्यांनी पेशवाईतल्या जातिव्यवस्थेशी जोडला. स्त्रीचे दुःख सुटे नाही, जात टिकवण्याच्या यंत्रणेचा ते भाग आहे, ही मांडणी त्यानंतर बहुतेकांनी स्वीकारली. पण तोवर दुसरीकडून अधिक टोकदार प्रश्न आला होता.

‘आम्हीही’

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८२मध्ये ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आले, १९८६ला पुस्तकरूपाने. फलटणला त्या किराण्याचे छोटे दुकान चालवत. दुकानात बसून, मिळेल त्या कागदावर त्यांनी लिहिले आणि कित्येक वर्षे ते नवऱ्यापासून आणि मुलांपासून लपवून ठेवले. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते बाहेर आले. पुस्तकात वीरगावच्या महारवाड्याचे जगणे आहे : आषाढातले सण, बाळंतिणीची उपासमार आणि सासुरवाशिणीच्या पायात अडकवलेला खोडा. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा जड ओंडका घालत आणि तो ओढत ती घरकाम करी. गावाने महारवाड्यावर केलेला जुलूम आणि महारवाड्याने सुनेवर केलेला जुलूम या दोन्ही गोष्टी लेखिका एकाच आवाजात सांगते, एकीसाठी दुसरी झाकत नाही.

त्याच दशकात कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१), मुक्ता सर्वगोड यांचे ‘मिटलेली कवाडे’ (१९८३), शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) आले. पुढे शांताबाई दाणी, जनाबाई गिऱ्हे, विमल मोरे यांची आत्मकथने. पावडे यांनी सांगितलेला एक अनुभव विसरता येत नाही. संस्कृतमध्ये उत्तम एम.ए. होऊनही नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर सोमकुंवरच्या पावडे झाल्या आणि महिन्या-दोन महिन्यांत सरकारी महाविद्यालयात नेमणूक झाली. पदवी तीच, बाई तीच. बदलले ते आडनाव. यात स्त्री म्हणून किती आणि दलित म्हणून किती, अशी वाटणी करता येत नाही.

या पुस्तकांच्या बरोबरीने १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ आले. आंबेडकरी चळवळीतल्या चाळीसहून अधिक स्त्रियांना दोघी गावोगाव, वस्त्यांमध्ये जाऊन भेटल्या. बऱ्याच जणी म्हाताऱ्या झालेल्या, काही निरक्षर, जवळ कागद नाही. तरी त्यांच्या आठवणींतून महाडचा सत्याग्रह, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि २० जुलै १९४२ची नागपूरची महिला परिषद उभी राहिली. सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या परिषदेला हजारो स्त्रिया आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून अधिक बायका करण्याला बंदी हवी, असे ठराव तिथे झाले, हिंदू कोड बिलावर देशभर वाद पेटण्याच्या काही वर्षे आधी. स्त्री-चळवळीचा इतिहास लिहिताना स्वातंत्र्याच्या आधी सुधारणा, १९७५नंतर मुक्ती आणि मधे शांतता, असा जो आराखडा रूढ होता, तो या पुस्तकाने मोडला. गेल्या पन्नास वर्षांत मराठीत स्त्रियांच्या इतिहासावर निघालेल्या पुस्तकांत याच्या तोडीची फार थोडी आहेत.

१९९५ ते १९९९ : वाद ऐन रंगात

१९९५मध्ये गोपाळ गुरू यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त मांडले, की दलित स्त्रिया वेगळे बोलतात आणि त्याला दोन कारणे आहेत. बाहेरून, बिगरदलित स्त्रीवाद सगळ्या बायकांच्या वतीने बोलतो. आतून, दलित राजकारण आणि साहित्य यांत पुरुषांचा वरचष्मा आहे. अनुभव ज्याचा, बोलण्याचा अधिकार त्याचा, हे या मांडणीचे बळ.

शर्मिला रेगे यांनी १९९८मध्ये त्याच साप्ताहिकात उत्तर दिले. दलित स्त्रियांच्या स्वतंत्र आवाजाचे त्यांनी स्वागत केले. मात्र केवळ वेगळेपणा मान्य करून थांबले, तर सवर्ण स्त्रीवाद्यांची सोयच होते, असे त्यांनी दाखवले. ‘तो त्यांचा प्रश्न, त्या बोलतील’ असे म्हणून त्या मोकळ्या होतात. रेगेंच्या मते दलित स्त्रीवादी भूमिका हे जग पाहण्याचे ठिकाण आहे. तिथे पोचण्यासाठी इतरांनाही अभ्यास करावा लागेल आणि स्वतःला बदलावे लागेल. २००६मध्ये त्यांनी आठ दलित लेखिकांची आत्मकथने घेऊन पुस्तक केले. त्यात ती ‘साक्ष’ म्हणून वाचली : एका बाईची गोष्ट, पण ती साऱ्या समूहाच्या वतीने सांगितलेली.

छाया दातार यांनी १९९९मध्ये तिसरी बाजू मांडली. पर्यावरण, निसर्गाशी बांधलेले बायकांचे श्रम आणि विकासाचे प्रचलित रूप हे प्रश्न दलित स्त्रीवादी मांडणीत बाजूला पडतात, आणि स्वायत्त स्त्री-चळवळीने केलेल्या कामाची नोंद पुरेशी होत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख. पाणी, जंगल, रोजगार यांवर आयुष्य घालवलेल्या कार्यकर्त्यांना तो पटतो. उलट, जात टिकवणाऱ्या ब्राह्मणी पितृसत्तेवर बोट ठेवल्याशिवाय पाणी आणि जमीन यांचाही हिशेब लागत नाही, असे रेगेंची बाजू घेणारे म्हणतात.

या वादाचा पुस्तकांवर काय परिणाम झाला हे पाहायचे तर ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) घ्यावे. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्यात टोपल्या विणून घर चालवणारी आई आणि मुंबईत नोकरी, लेखन, स्त्रियांच्या संघटना यांतून वाट काढणारी मुलगी. बायकोच्या शिक्षणावर आणि लेखनावर नाराज होणारा नवरा त्यात आहे आणि जातीचा विषय निघाला की गप्प होणाऱ्या स्त्रीवादी मैत्रिणीही आहेत. या पुस्तकाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा लक्ष्मीबाई टिळकांच्या नावाचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा कार्यक्रमाची सुरुवात सरस्वतीवंदनेने होणार असल्याच्या मुद्द्यावर पवार यांनी तो नाकारला.

साहित्य की दस्तऐवज?

समीक्षकांचा एक वर्ग या साऱ्याकडे थोडा लांबून पाहतो. त्यांची तक्रार अशी, की आत्मकथन हे आधी साहित्य आहे. भाषा, रचना, निवड यांचे मोल न करता केवळ ‘साक्ष’ म्हणून वाचले, तर लेखिकेचे लेखिकापणच नाकारले जाते. हा आक्षेप वजनदार आहे. शांताबाई कांबळे यांची माणदेशी बोली किंवा बेबी कांबळे यांचे समूहाच्या आवाजात बोलणे, ही जाणून केलेली निवड आहे आणि तिच्यावर लिहिले गेले ते आशयाच्या मानाने थोडे. मात्र हेच ‘साहित्यमूल्य’ दलित स्त्रियांची पुस्तके ‘कच्ची’ म्हणून बाजूला सारायलाही वापरले गेले, याचा विसर पडू नये.

मध्यमवर्गीय स्त्रियांच्या आत्मकथनांवर वाद झाला तो दुसऱ्याच कारणाने. मल्लिका अमरशेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) आणि सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) वाचताना वाचक त्यांच्या नवऱ्यांना, नामदेव ढसाळ आणि पु. ल. देशपांडे यांनाच शोधत राहिले. लेखिका आपल्या आयुष्याबद्दल बोलत आहे, हे मागे पडले. रमाबाई रानड्यांच्या काळापासून वाचकाची ही सवय फारशी सुटलेली नाही.

अजून न सुटलेले

लेखणी कोणाच्या हातात होती, हा पहिला प्रश्न. अभिनेत्री हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०), ज्यावरून श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ हा चित्रपट निघाला, ते अरुण साधू यांनी शब्दांकित केले. ‘स्मृतिचित्रे’चा शेवट लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरा केला. सांगणारी एक आणि लिहिणारा दुसरा असताना कोणते वाक्य कोणाचे, याचा पद्धतशीर अभ्यास मराठीत तुरळकच झाला आहे.

दुसरा प्रश्न न लिहिलेल्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासर-माहेर, मुलीचा जन्म, दुष्काळ, बाबासाहेब, सगळे त्यांत आहे. पण ओवीला तारीख नसते आणि ती एका बाईची नसते. तारा भवाळकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी लोकपरंपरेतून स्त्रीचा विचार वाचून दाखवला. इतिहासकार मात्र अशा साधनाला हात लावताना अजून बिचकतात.

काही घरे तर चर्चेच्या कडेलाच राहिली. मुस्लीम स्त्रीचे जगणे मेहरुन्निसा दलवाई यांच्या ‘मी भरून पावले आहे’मधून (१९९५) आले, आदिवासी स्त्रीचे नजूबाई गावित यांच्या लेखनातून. वारल्यांवरचे गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) थोर आहे, पण ते वारली बाईने लिहिलेले नाही. तमाशातल्या दलित कलावंत स्त्रियांवर शैलजा पाईक यांनी २०२२मध्ये मोठे काम केले, २०२४ला त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्या कलावंतिणींच्या स्वतःच्या शब्दांतली पुस्तके मात्र मोजकीच आहेत. ताराबाई शिंद्यांचा वारसा सांगणाऱ्या शेतकरी जातींतल्या स्त्रियांची आत्मकथनेही वादात क्वचितच येतात.

आणि शेवटी भाषेचा प्रश्न. पुस्तके मराठी, त्यांतली माणसे मराठी, पण गुरू, रेगे, दातार यांचा वाद झाला इंग्रजी साप्ताहिकात आणि रेगेंचे आठ आत्मकथनांवरचे पुस्तकही इंग्रजीत. ‘जिणं आमुचं’ आणि ‘आयदान’ माया पंडित यांच्या अनुवादातून २००८मध्ये जगभरच्या विद्यापीठांत पोचली, हे चांगलेच झाले. ज्या वाचकाच्या घरातल्या या गोष्टी आहेत, त्याच्यापर्यंत वाद मात्र तुकड्यातुकड्यांनीच आला.

यावर मराठी प्रकाशकांना आणि विद्यापीठांना करता येण्याजोगे एक काम आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. या पुस्तकांची नवी आवृत्ती काढताना लेखन कोणत्या मासिकात, कधी आले, शब्दांकन कोणी केले, पुस्तक होताना काय गाळले आणि काय घातले, याची टीप छापावी, आणि सोबत त्या पुस्तकावरचा महत्त्वाचा वाद मराठीत द्यावा. सुरुवात ‘आम्हीही इतिहास घडवला’पासून करावी. त्यात बोललेल्या बहुतेक जणी आज हयात नाहीत.